जोतीरामचा दम

कबड्डीतलं पोरगं डोळ्यांनी बघायचंच नाही, कानांनी ऐकायचं, असं त्रिंबकचं ठाम म्हणणं होतं. सोलापूरच्या एका गिरणीच्या संघासाठी तो गावोगावच्या जत्रांतून पोरं हेरत हिंडायचा. सामना रंगात आला की मैदानाच्या कडेला उकिडवा बसून डोळे मिटायचा. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. डुलकी कसली! मांड्या नि दंड काय, रेड्यालाही असतात. चढाईला गेलेल्या गड्याचा दम कुठं पातळ होतो, कुठं घसरतो, ते तो ऐकत असे.

त्रिंबक स्वतः एके काळी याच संघाचा चढाईचा पहिला गडी. पण गिरणीनं त्याला टाकलं होतं कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात. तिथं हवेत कापूस तरंगतो. पापणीवर बसतो, मिशीवर बसतो आणि न विचारता छातीतही जातो. बघता बघता त्रिंबकचा दम अर्ध्या मैदानात संपायला लागला. खेळणं सुटलं, तेव्हापासून हे पोरं शोधणं मागं लागलं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर, केमजवळच्या एका वाडीत खंडोबाच्या जत्रेला त्यानं जोतीरामला ऐकलं. धनगराचं पोर. माळावर मेंढरांमागं धावत हाळ्या देऊन देऊन छाती तयार झालेली. चढाईला गेलं, दोन गडी मारले, तिसऱ्याला कोपऱ्यात खेळवलं आणि मध्यरेषेवर परत आलं, तरी आवाज निघताना होता तसाच खणखणीत. त्रिंबकनं डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. असा दम त्यानं फक्त एकदाच ऐकला होता, तोही स्वतःचा.

पण गूळ दिसला की मुंगळे यायचेच. दुसऱ्या संघाचा हिंदुराव आधीच पोराच्या बापाशी, कोंडीबाशी, पान जमवून बसला होता. त्रिंबक धापा टाकत तिथं पोचला. पक्की नोकरी, संघात जागा, राहायची सोय, सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. कोंडीबानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की, पोर परक्याच्या हाती द्यायची आमच्या वाडीत रीत नाही. ते आपल्या गावच्या माणसाच्या हाताखालीच जायचं. तुमच्या गिरणीत आमचा रामहरी आहे. त्याच्या खात्यात, त्याच्या डोळ्यांपुढं ठेवत असाल तर घेऊन जा.

झाली का पंचाईत! रामहरी नेमका गाठी फोडायच्या खात्यात होता. खेळाडूला फाटकावर हलकं काम मिळतं, असं त्रिंबकनं सांगून पाहिलं.

"तितं आपलं मानूस कोन हाय?" कोंडीबानं विचारलं.

कोणी नव्हतं. हिंदुराव मिशीत हसला आणि बोलायला सरसावला. तेवढ्यानं त्रिंबकचं डोकं फिरलं. एकदा पोर सोलापुरात तर येऊ दे, मग बघू, असं मनाशी म्हणून त्यानं होकार दिला. कोंडीबानं त्याला हाताला धरून देवळात नेलं आणि बेल-भंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि हळदीची चिमूट हातात घेऊन देवापुढं दिलेला हा शब्द. मोडला तर वंश राहत नाही म्हणतात. त्रिंबकचं कुलदैवत खंडोबाच होतं आणि घरात सून गरोदर होती.

मग बघू म्हणणाऱ्याचं कधी भलं झालंय का? जोतीराम आला नि त्यानं पहिल्याच हंगामात सोलापूर दणाणून सोडलं. रामहरीनं त्याला पोटच्या पोरासारखं जपलं, आपल्या डब्यातली भाकरी मोडून दिली. त्रिंबक मात्र रोज जळत होता. त्यानं गिरणीच्या साहेबांना विचारलं, तर त्यांची पोराला फाटकावर घ्यायची तयारी होती. मग गाडी पकडून तो केमला उतरला, वाडीवर गेला आणि कोंडीबाला म्हणाला की, मला शब्दातून सोडवा.

"भंडारा उचललाय की तुमी," कोंडीबा म्हणाला. रागानं नव्हे, समजूत घातल्यासारखा. "शबूद माजा असता तर सोडला असता. त्यो देवाचा हाय. मी कसा सोडू?"

जोतीरामला सांगावं, तर बापानं सांगितल्याशिवाय तो रामहरीकाकाला सोडायला तयार नाही. परस्पर साहेबांना सांगून टाकावं, म्हणून त्रिंबक त्यांच्या दारापर्यंत गेलाही. पण घरची सून आठवली आणि तसाच माघारी फिरला. स्वतःची लाज वाटली, पण पाय काही पुन्हा तिकडं वळले नाहीत.

पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्याला कोंडीबा मुद्दाम आला होता. धाकट्या येडूलाही आणलं होतं. शेवटच्या चढाईला जोतीराम निघाला आणि त्रिंबकनं डोळे मिटले. आवाज निघाला खणखणीत. मग मध्येच त्या आवाजाखाली एक बारीक खरखर लागली, फुटक्या भात्यासारखी. त्रिंबकनं खाडकन डोळे उघडले. पण पोरानं गडी मारून रेषा गाठली. शिट्ट्यांनी मैदान फुटायची वेळ आली, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. नंतर मंडपामागं तो खांबाला धरून बराच वेळ खोकत होता, ते एकट्या त्रिंबकनं पाहिलं.

तो तडक कोंडीबाकडं गेला. "कोंडीबा, ते खातं पोराची छाती खातंय. माझी खाल्ली. पोराला घरी घेऊन जा."

कोंडीबानं शेजारी उभ्या रामहरीकडं पाहिलं. "ह्यो तितं जलम काढतोय की. ह्येला काय झालंय?"

"मला काय धाड भरलीया?" रामहरी हसला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. छाती चोळत म्हणाला, "कापूसच हाय त्यो. सवय व्हतीया."

कोंडीबाचं समाधान झालं. त्यानं येडूला पुढं ढकललं. "ह्येचा दम थोरल्याच्या वरताण हाय. ह्येलाबी रामहरीच्याच हाताखाली घाला. तुमच्यावानी शबदाला जागनारा मानूस न्हाई मिळायचा."

त्यानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. त्रिंबकनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. कोंडीबाला वाटलं, गडी भिडस्त आहे. त्यानं हसून चिमूटभर भंडारा त्याच्या कपाळालाच लावला. पुसायला त्रिंबकचा हात वर गेला, पण कपाळाशी जाऊन थांबला. देवाचा भंडारा पुसायचा कसा?

तेवढ्यात येडू पाया पडायला वाकला. नाही म्हणायला त्रिंबकनं तोंड उघडलं, पण जन्माच्या सवयीनं निघायचं तेच निघालं.

"औक्षवंत हो, बाळा."