खाप्याला गेलेली डिस्क

आमची नात पिंकी २०२२ साली लग्न होऊन भंडाऱ्याला गेली. त्याच वर्षी माझ्या बायकोच्या, पार्वतीच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आदल्या दिवशी सून मायानं तिला आमच्या इतवारीतल्या फोटो स्टुडिओत बसवलं आणि पार्वतीनं स्वतः रचलेला पाळणा तिच्याच आवाजात रेकॉर्ड केला. पिंकीला पुढं होणाऱ्या बाळासाठी. पुढं पार्वती पाटीवर लिहून बोलायची. ती पाटी वाचता यावी म्हणून मी सत्तरीत अक्षरं शिकलो.

वर्षभरात जुन्या डिस्कमधले पिंकीच्या लग्नाचे फोटो आपोआप बिघडले. चेहऱ्यांवर करडे पट्टे आले. मग मायानं झेडएफएस नावाची नवी व्यवस्था बसवली. दुकानाचं, घरचं सगळं दोन डिस्कवर सारखंच लिहिलं जायचं. कळमन्याच्या धान्यबाजारात मी हमाली केली. तिथं पोत्यावर चिठ्ठी असते, तशी इथं फाइलच्या प्रत्येक तुकड्यावर खूण. दर महिन्याला मशीन खुणा पडताळायचं आणि एकीकडचा तुकडा बिघडला तर दुसरीकडून दुरुस्त करायचं.

२०२४ च्या जानेवारीत माया तीन दिवस लग्नाच्या ऑर्डरवर गेली होती. परत आली, मशीन पाहिलं आणि ओरडली, “बाबा, दुसरी डिस्क कोठी हाय?”

“खाप्याच्या प्रेमानंदले देली. त्याची भरली होती. तूच तं म्हणे, दोन्हीत सारखंच हाय. घरात भाताचे दोन सारखे गंज असले तं एक साळ्याले देऊ नाही काय?”

मायानं स्क्रीनवर बोट ठेवलं. महिन्याची तपासणी होऊन गेली होती. उरलेल्या डिस्कवर एक फाइल बिघडली होती आणि दुरुस्त करायला दुसरी प्रत नव्हती. नाव मी वाचलं. आईचा पाळणा.

मी प्रेमानंदला, पार्वतीच्या भावाला, फोन लावला.

“भाऊजी, तुमची डिस्क उघडूनच नाही राहिली. फॉर्मॅट करा म्हणते. माहा पोट्टा विक्की बसला हाय, दाबू काय म्हणते.”

मायानं फोन हिसकावला. “मामाजी, हात नका लावू! वायर काढा, वायर!”

“काहून वं, काय झालं?” आणि फोन कटला. नंतर लागलाच नाही.

आम्ही दोघं तसेच स्कूटरवर खाप्याला पोचलो. प्रेमानंद दारातच उभा. “मायाबाई, एवढी बोंबलली तू, पोट्ट्यानं वायर उपटली अन् घाईत फोन पाण्याच्या बादलीत पाडला.” डिस्क खाटेवर टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. मला तिथं बसवेना. मी चहाही घेतला नाही.

घरी येऊन मायानं डिस्क मशीनला परत लावली. मशीन गुरगुरू लागलं. पार्वती खुर्चीत, मांडीवर पाटी. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिनं लिहिलं: “माझाच न?”

मी मान हलवली. तासाभरानं मायानं फाइल लावली. पार्वतीचा आवाज खोलीत आला. तिनं पाटी पुसून बाजूला ठेवली.

पिंकीची मुलगी फेब्रुवारीत झाली. बारशाला तोच पाळणा लावला.

पार्वती ३ मार्च २०२४ रोजी सकाळी साडेदहाला वारली.