रॉटरडॅमची बालटी

"आधीच सांगून ठेवतो सचिन, कोणी मानणार नाही. पण दोन हजार वीस साली आमच्या पराग्यानं अख्ख्या युरोपाले धुमालवर नाचवलं!"

एवढं म्हणून मी वरण-भाताचा घास माझ्या बायकोच्या, कुसुमच्या, तोंडापाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटले. कालपासून तिच्या पोटात अन्नाचं शीत नाही. परागच्या गाण्याचं काय झालं ते कळल्याशिवाय जेवायचं नाही, असा हट्ट. सकाळी डॉक्टर बजावून गेले होते, आज काही खाल्लं नाही तर भरती करा, नाकातून नळी घालावी लागेल.

पलंगाच्या पायथ्याशी सचिन बसला होता. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत गाडीवर उभं राहून धुमाल, म्हणजे ढोल-ताशांचा दणका, वाजवणारा. परदेशी जाण्याआधी आमचा मुलगा पराग त्याच गाडीवरचा साऊंड सांभाळायचा.

"कुठं नाचवलं, काकाजी?" त्यानं विचारलं. माझ्या थापेला टेकू कुठं द्यायचा, हे त्याला बरोबर कळतं.

"रॉटरडॅमले! ती युरोपातल्या साऱ्या देशांची गाण्याची स्पर्धा नाही का होत, दर साली नव्या गावात? बारा-बारा गुणांसाठी नुसती मारामारी! अन् गाणाऱ्यांच्या कानात ते बोराएवढं यंत्र बसवाले कोण? आपला पराग."

यातलं शेवटचं खरं आहे. म्हणजे होणार होतं. त्याला ते काम मिळालं तेव्हा कुसुमनं रायपुरात सदर बाजारापासून शंकर नगरापर्यंत ओळखीच्या घरोघरी बेसनाचे लाडू पोचवले. मार्चात करोनामुळे स्पर्धा रद्द झाली. एप्रिलात पराग तिथल्या दवाखान्यात वारला. त्याला शेवटचं पाहिलं ते फोनच्या काचेवर.

मग कुसुमची आठवण विरत गेली. पोराचं मरण पुसलं गेलं, लाडू तेवढे राहिले. 'गाण्याचं काय झालं हो?' असं विचारायची. सुरुवातीला मी खरं सांगत असे. दर वेळी तिचं पोर नव्यानं मरायचं, आणि दर वेळी ती पहिल्यांदाच रडायची. एकदा तर रडता रडता मलाच विचारलं, 'तुमी काहून नाही रडून राहिले?' त्या दिवसापासून मी खरं सोडलं. रेल्वेच्या नोकरीत जन्मभर साहेबांना थापा मारल्या, घरात मात्र कधी पचल्या नव्हत्या. आता पचायला लागल्या, तर माझ्याच गळ्याशी येतात. शिवाय कालची थाप आज चालत नाही; ती विसरते, पण शिळी आहे हे कुठूनतरी ओळखते. रोज थापेला नवा पीळ द्यावा लागतो.

"ऐन गाण्यात साऊंड बसला," मी म्हणालो. "सारा हॉल चिडीचूप. स्टेजवरची बाई रडकुंडीले आली. पराग्यानं काय केलं, मालूम?"

"काय केलं?"

हे कुसुमनं विचारलं. आजचा तिचा पहिला शब्द.

"फरशी पुसणाऱ्याची बालटी उलटी टाकली अन् झाला सुरू!"

मी सचिनला डोळा मारला. त्यानं डब्याचं झाकण मांडीवर घेतलं आणि बोटांनी विसर्जनाचा ताल धरला.

"नॉर्वेची बाई चपला काढून नाचली! फ्रान्सचा परीक्षक टेबलावर चढला, उतराले तयार नाही. अन् साऱ्या देशांनी आपापले बारा गुण रायपूरले देऊन टाकले."

"रायपूर देश कब हुआ, काकाजी?"

"झाला तेवढ्यापुरता! फक्त रायपूरनं रायपूरले नाही देले. आपल्याच देशाले देता येत नाही ना, कायदा आहे तिथं."

कुसुम हसली. पदर तोंडाला लावून, पूर्वी हसायची तशी. मी घास दिला, तिनं घेतला. दुसराही घेतला. सचिनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोट्ट्याचा ताल चुकला नाही. कुसुमची बोटंही चादरीवर हलू लागली.

मला हाव सुटली. वाटीभर भात गेला तर नळी टळेल. तिसऱ्या घासाला मोठं काहीतरी हवं होतं.

"मंग पराग ट्रॉफी घेऊन निघाला! विमान थेट रायपूरले. आपल्या माना विमानतळावर तुझ्या हातात आरतीचं ताट, सारा पारा, सारा मोहल्ला जमलेला, अन् पराग पायऱ्या उतरून राहिला..."

कुसुमनं वाकून सचिनच्या बोटांवर हात ठेवला. ताल थांबला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. धुकं नसलेली ती नजर मी किती दिवसांनी पाहत होतो. घास माझ्या हातात तसाच राहिला.

"काहून खोटं बोलून राहिले तुमी?" ती हळू म्हणाली. "त्या साली गाणं झालंच नाही. त्याचाच फोन आला होता मले, आई, कॅन्सल झालं म्हणे. मी म्हटलं, मंग घरी ये बाबू. तर म्हणे, विमानं बंद आहेत."