मृत्यू, पुरुष, चांगला

“मेला बघ. मध्यांतरानंतर उठेल परत,” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि त्याच्या आजूबाजूचे फिदीफिदी हसले.

पडद्यावर सातव्या भागाचा दुष्ट सेनापती एक अख्खी इमारत अंगावर घेऊन कोसळला होता. काका आपल्या मुलीशेजारी पॉपकॉर्नचा पुडा धरून बसले होते. ते यायलाच तयार नव्हते. परभाषेतल्या नटांच्या तोंडात आपली भाषा घालून ज्याने आयुष्यभर पोट भरलं, त्याने सुट्टीच्या दिवशीही तेच दळण ऐकायचं? पहिल्या चार भागांत नायकाच्या काकाला त्यांनीच आवाज दिला होता आणि तेव्हापासून सगळे त्यांना काकाच म्हणायचे. चौथ्या भागात तो काका मेला आणि हे सुटले. पण मुलीला कुठून तरी फुकट तिकिटं मिळाली होती, आणि ती ऐकेचना.

थिएटर अर्धं रिकामं. जे होते त्यांचाही निम्मा जीव मोबाइलमध्ये. आता आभाळ फाटणार, निळा उजेड पडणार, नायक गुडघ्यावर बसून मान वर करणार, हे शेंबड्या पोरालाही पाठ. लोक पदरचे पैसे मोडून आले होते आणि आता पिक्चरवर सूड उगवत होते.

सेनापतीने डोळे फिरवले. पुढच्या रांगेतल्या टोळक्याने त्याच्या आधीच एका सुरात म्हटलं, “हं!”

आणि मग स्पीकरमधून तो श्वास आला. अर्धवट आत घेतलेला. मग काहीच नाही, संपलंच असं वाटावं इतका वेळ. आणि मग एक बारीकसं “हं”, कुणी काही विचारावं आणि आपण चालेल म्हणावं, तसं.

अख्खं थिएटर हसलं. मुलगीसुद्धा पोट धरून हसली. “बाबा, प्रत्येक भागात असतं हे! जो मरतो तो हेच म्हणतो. किती जोक फिरतायत त्याच्यावर!”

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते उठले आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर आले. मुलगी मागोमाग धावली.

“काय झालं बाबा?”

“कंटाळा आला.”

“तो काय, सगळ्यांनाच आलाय,” ती म्हणाली आणि रिक्षा शोधायला लागली.

ते “हं” तिच्या आईचं होतं. शेवटच्या सकाळी काकांनी बायकोला विचारलं होतं, “पाणी देऊ का?” ती “हं” म्हणाली. ते भांडं भरून वळले तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगी परगावाहून पोचली ती दुपारी. तिला त्यांनी एवढंच सांगितलं, आई शांतपणे गेली. पुढे काही दिवसांनी स्टुडिओत नायकाच्या काकाला मारायची वेळ आली, तेव्हा घसा फोडून मरण्याऐवजी त्यांच्या तोंडून ते “हं” आपसूक निघून गेलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट रडली. सिनेमा लागला तेव्हा त्या जागी थिएटर चिडीचूप व्हायचं. एवढ्या वर्षांच्या हमालीत एक काम मनासारखं झालं, तेही तिच्यामुळे, असं काकांना वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते स्टुडिओत जाऊन थडकले. आठव्या भागासाठी डबिंगचा दिग्दर्शक कधीचा त्यांच्या मागे लागला होता आणि ते फोनच उचलत नव्हते. त्यांना दारात बघून त्याची कळी खुलली.

“आलात ना काका! तुमचं पात्र परत येतंय!”

“ते मेलंय.”

“मेलं नव्हतं असं दाखवलंय आता. लोक कंटाळलेत हो, थिएटरं ओस पडलीत. काहीतरी नवीन द्यायला नको?”

“म्हणून मेलेल्याला उठवताय? ये रे माझ्या मागल्या! अरे, लोक तुमच्या तोंडावर हसतायत, जरा लाज वाटू द्या.” काका रेकॉर्डिस्टकडे वळले. “आणि माझा तो श्वास सगळ्यांना कुणी चिकटवला?”

रेकॉर्डिस्ट ओशाळली. “मीच कापून ठेवला होता काका. इतका छान, वाया जाऊ नये म्हणून. मग जो तो वापरायला लागला. वेळ वाचतो.” तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: मृत्यू, पुरुष, चांगला. “सहाव्या भागात घोड्यालासुद्धा लावलाय. जरा जाड करून.”

“घोड्याला.”

“हो.”

“अगं, तो पुरुष नाही,” काका म्हणाले. “बायको आहे ती माझी. गेली तेव्हाची.”

रेकॉर्डिस्टने तोंडावर हात ठेवला. दिग्दर्शकाने घड्याळात बघितलं.

“वाईट वाटलं काका. पण एक श्वास तर आहे.”

“मग पुसायला तुझं काय जातं?”

“काही नाही जात. पुसू की! जुन्या भागांतला राहणार, पुढे नाही वापरणार. तेवढा आठवा भाग करून टाका.”

जिभेवर आलेली शिवी काकांनी गिळली. “आधी पुसा,” ते म्हणाले.

रेकॉर्डिस्टचा हात मात्र अडला. “काका, मूळ रेकॉर्डिंग हे एवढंच आहे. घरी नेता का? पोरीला ऐकवाल.”

पोरगी कालच ऐकून पोट धरून हसली होती. आता तिला हे काय म्हणून सांगायचं? आणि सांगितल्यावर तिने जगायचं कसं?

“नको,” काका म्हणाले.

“निदान एकदा ऐका तरी.”

त्यांनी हेडफोन कानाला लावले. तिने बटण दाबलं. काका डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“पूस, पोरी.”

तिने पुसलं. यादीतलं ते नाव नाहीसं झालं आणि खालचं वर सरकलं.

काका काचेपलीकडे जाऊन माइकसमोर उभे राहिले. समोरच्या पडद्यावर धुरातून नायकाचा काका चालत आला, धडधाकट, अंगावर नवा कोट. त्याने तोंड उघडलं.

“मी मेलोच नव्हतो,” काका खणखणीत म्हणाले.

“वा!” दिग्दर्शक ओरडला. “आणखी एक घेऊ. जरा आनंदाने म्हणा काका, परत आलायत तुम्ही!”

काकांनी घसा साफ केला आणि आनंदाने म्हटलं.