उरलेलं कात्रण

मी एक जुना लघुग्रह आहे, मित्रांनो. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरतो. ग्रह घडले तेव्हा जो चुरा उरला, त्यातलाच मी. युगं लोटली, पण कुणी मला हाक मारली नाही. मग किरगिझ डोंगरातल्या जिपारला मी दुर्बिणीतून सापडलो. तिने वर्षानुवर्षं माझा माग काढला, तेव्हा कुठे मला कैद्यासारखा एक आकडा मिळाला. नाव सुचवायचा मान आता तिचा होता.

तिच्या मनात मावशीचं नाव होतं. मावशी, तिकडच्या बोलीत तायेजे, म्हणजे बुरुल, लोकर थापून केलेल्या नक्षीदार गालिच्यांची, नमद्यांची नावाजलेली कलावंत. 'बुरुल' म्हणजे 'वळ'. चार मुलींवर ही पाचवी. आता तरी दैव मुलाकडे वळू दे, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. तुमच्याकडे नकुशी म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. पुढे तिच्या पाठीवर भाऊ झाला. नाव फळलं म्हणून घरात मेंढी कापली, आणि बुरुलचं कौतुक तेवढ्यावरच आटोपलं.

जिपार परवानगी मागायला गावी गेली. मावशी अंगणात नमदा कापत होती. ऐकताच कडाडली, "वेडी का खुळी तू? जमिनीवर मिरवलं तेवढं पुरे नाही झालं? नकोशीला आता आभाळात टांगतेस?"

"पण तायेजे, तुझी कला..."

"कलेला नाव दे, मला नको. शेजारीण म्हणेल, म्हातारी वर जाऊनही वळतेच आहे!"

माझा जीव टांगणीला लागला. मावशी नाही म्हणाली की जिपार पुढे जाणार नव्हती, आणि माझ्या कपाळी तो आकडाच राहणार होता.

जिपार उठली. जाता जाता पुटपुटली, "मोठा ग्रहसुद्धा नाही गं तो. ग्रह करताना उरलेलं कात्रण आहे नुसतं."

मावशीचा सुरा थांबला. तिच्या पुढ्यात तांबडा आणि काळा असे दोन नमदे एकावर एक ठेवलेले होते. दोन्ही एकदमच कापायचे, मग तांबड्यातून निघालेली नक्षी काळ्यात बसते आणि काळ्यातली तांबड्यात. त्या घरात कात्रण कधी फेकलं गेलं नव्हतं.

"कात्रण?" ती म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं, भवाने! कात्रण टाकायचं नसतं. दे माझं नाव."

मित्रांनो, मला त्या दिवशी भरून आलं.

मावशी आता नाही. तिच्या नमद्यांवर भाचरांची पोरं लोळतात. मुलांची नावं ठेवताना जपा, एवढंच माझं मागणं आहे. नाव फार लांब जातं. मी फिरत फिरत पृथ्वीच्या बाजूला आलो, की म्हातारी जिपार दुर्बिणीला डोळा लावते आणि हळूच विचारते, "वळलीस का, तायेजे?"

आणि मी बाप्या दगड, मुकाट्याने वळतो.