मेंदूच्या तळाची आडवाट

मित्रांनो, मी एक जुनी, आखूड रक्तवाहिनी आहे. एका घड्याळजीच्या मेंदूच्या तळाशी, डाव्या आणि उजव्या वाहिनीच्या मध्ये मी आडवी पडून असते. मी कधी उजेड पाहिलेला नाही. मानेतून दोन मोठ्या धमन्या वर येत आणि आपापल्या बाजूला रक्त देत. मी ना घेण्यात, ना देण्यात. मला कोण विचारतो?

मग डाव्या धमनीचा ठोका मंदावला. मला वाटलं, मालक झोपला असेल. पण तो तर गिऱ्हाइकाशी हसत बोलत होता! मानेतल्या डाव्या धमनीत चरबीचा थर साचून वाट अरुंद होत चालली होती. एके दिवशी उजवीकडचं रक्त माझ्यातून डावीकडे धावू लागलं. कुणी हाक मारली नव्हती. मी घाबरले, पण ते थांबेना. हळूहळू मी रुंद झाले, वाकडीतिकडी झाले, माझी मलाच ओळख पटेना. तरी ते रक्त पुरेना; डावीकडच्या वाहिन्या, माझ्या बहिणी, बारीक होत गेल्या. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांसारखी त्यांची चाहूल असायची, ती आता लागेना. मला त्या शांततेची भीती वाटायची.

मालक डाव्या डोळ्याला भिंग लावून काम करायचा. कधीकधी त्या डोळ्यावर काळा पडदा उतरायचा. "धूळ बसली," म्हणत तो भिंग पुसायचा. तेवढ्यात पडदा जायचा आणि पुसण्याचा गुण आला असं त्याला वाटायचं. घड्याळजीचं भिंग दुसऱ्याने डोळ्याला लावायचं नाही, हा त्याचा दंडक. त्यामुळे शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या त्याच्या मुलीलाही काही कळलं नाही.

एकदा मात्र त्याचं पुसणं थांबेचना.

"बाबा, द्या ते इकडे."

"हात लावू नकोस, सांगितलंय ना?"

तिने ते ओढून घेतलं आणि डोळ्याला लावलं. "काचेवर एक कण नाही. तुमच्या डोळ्यालाच काहीतरी होतंय."

"अगं, गेलं ते. आता लख्ख दिसतंय."

"मग येतं कशाला? उठा, दवाखान्यात चला."

"गिऱ्हाईक यायचंय."

"थांबेल गिऱ्हाईक!"

डॉक्टरीणबाईंनी मान तपासली, यंत्राने मेंदूचं चित्र काढलं. "डावी धमनी जवळजवळ बंद आहे," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्याला तिचंच रक्त जातं; तिच्यातले बारीक कण तिकडे गेले की पडदा उतरतो. ही छोटी वाहिनी उजवीकडून मेंदूला रक्त पुरवतेय, म्हणून तुम्ही धडधाकट दिसताय. पण मानेतून मोठी गुठळी सुटून मेंदूच्या डाव्या बाजूला अडकली तर बोलणं जाईल, उजवा हात जाईल; ते दोन्ही तीच बाजू चालवते."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं कौतुक केलं. पण मालकाने उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला, तेव्हा माझा आनंद मावळला. मी त्याला इतकं सांभाळलं होतं की त्याच्या दुखण्याची शंकाही कुणाला आली नाही.

मानेतली वाट साफ करायची शस्त्रक्रिया झाली. डावा ठोका धाडकन परत आला, बहिणी भरल्या आणि मी पुन्हा रिकामी पडले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पलीकडून त्यांची चाहूल लागली आणि मला भरून आलं.

मित्रांनो, घरात कुणी म्हणालं, "डोळ्यापुढे अंधारी आली होती, पण गेली," तर गेली म्हणून सोडून देऊ नका. त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्या. माझ्यासारखी आडवाट सगळ्यांच्याच डोक्यात नसते, आणि कुणाच्या नाही ते बाहेरून दिसत नाही.