सुंदरबाईला टोचलेली सुई

ऑपरेशनच्या खोलीतली कचऱ्याची पिशवी बांधायला सुंदरबाईने ती वरून दाबली, आणि तळहातात कचकन काहीतरी घुसलं.

परळीतल्या त्या खासगी दवाखान्यात ती अकरा वर्षं साफसफाई करत होती. ॲसिडनं बोटांची सालं निघाली होती. उकिडवं बसून फरशी घासता घासता गुडघे इतके गेले होते की जिना चढायचा म्हणजे कठडा धरून एकेक पायरी. हातमोजे उन्हाळ्यात मिळाले होते, ते केव्हाच विरले होते.

तिने हातमोजा काढला. तळव्यावर रक्ताचा बारीक ठिपका होता. पिशवीतून वापरलेल्या इंजेक्शनची सुई डोकावत होती. ती पांढऱ्या डब्यात टाकायची असते. कुणीतरी कंटाळा केला होता.

कामावर देखरेख करणारा शिवशंकर म्हणाला, "पाण्याखाली धरा अन् वरचा मजला घ्या. दुपारी तपासणीवाले येणार हायेत."

"रजिस्टरात लिवा की, साहेब."

"आज? कावून डोक्याला ताप करता, बाई?" तो निघून गेला.

युसूफ वडगाव या गावची करिष्मा सिस्टर तिथंच ट्रे लावत होती. साऱ्या दवाखान्यात सुंदरबाईला मावशी म्हणणारी ही एकटीच. तिने सुंदरबाईचा हात नळाखाली धरला, साबण लावला.

"पिळू नका, मावशी. नुसतं पाणी सोडा." मग आवाज उतरवून म्हणाली, "सुई कोणत्या पेशंटची ते मला सांगता येत न्हाई. पण अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात याच्या गोळ्या मिळतात. दोन तासांत पहिली गोळी पोटात गेली तर लई बरं. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या."

"कसला आजार हाय?"

करिष्माने नळावरच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्याकडे बोट केलं. 'सुई टोचल्यास' या मथळ्याखाली तिथं एचआयव्ही असं छापलं होतं. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

डॉक्टरांची खोली ती रोज पुसायची, पण ते यायच्या आधी. ते बसलेले असताना ती कधी आत गेली नव्हती. बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईनं तिला पाहून पदर आवरून घेतला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आत्ता न्हाई, पेशंट हायेत." मागून शिवशंकर झपाझप येत होता. सुंदरबाईने दार ढकललं.

डॉक्टर एका म्हाताऱ्याचा रक्तदाब बघत होते. "नंतर पूस," ते न बघताच म्हणाले.

"पुसायला न्हाई आले, साहेब. सुई टोचली. अंबाजोगाईची चिठ्ठी पायजे."

डॉक्टरांनी मान वर केली. "धनुर्वाताचं इंजेक्शन घे, पुरे झालं. चिठ्ठीचं तुला कुणी सांगितलं?"

त्यांची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली. तिथं करिष्मा ट्रे घेऊन उभी होती. सुंदरबाईच्या तोंडून एक नाव निघालं असतं तर पोरीची नोकरी गेली असती.

"तुमच्याच भिंतीवरच्या तक्त्यात लिवलंय, सुई टोचल्यावर काय करायचं त्ये. रोज पुसते मी. सातवी शिकलेली हाय."

शिवशंकर आत आला. "चला बाहेर."

म्हाताऱ्याशेजारी पेशंटची दुसरी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर सुंदरबाई बसली. आजवर ती फक्त तिच्याखालून फडकं फिरवत आली होती.

"उठा तिथून," शिवशंकर म्हणाला.

"न्हाई. चिठ्ठी मिळंस्तोर मी पेशंट हाय."

हाताला पट्टा गुंडाळलेला म्हातारा हळूच म्हणाला, "द्या की डॉक्टर. मला घाई न्हाई."

डॉक्टरांनी कागद ओढला.

जीप भरायला वीस मिनिटं गेली. घाटात पुढं वीज केंद्राच्या राखेचा ट्रक लागला, तो बाजू देईना. सुंदरबाई मूठ मांडीखाली दाबून बसली होती, शेजारणीला हात लागू नये म्हणून. अंबाजोगाईला रांगेत उभं न राहता ती सरळ खिडकीशी गेली आणि चिठ्ठी पुढं केली. पहिली गोळी गिळली तेव्हा साडेअकराला पाच मिनिटं कमी होती.

अठ्ठावीस दिवस गोळ्या. रोज मळमळ, चक्कर. चौथ्या दिवशी ती कामावर गेली तर शिवशंकरने फाटकातच अडवलं. जागा भरली होती. नवी बाई उघड्या हातांनी पिशव्या उचलत होती. सुंदरबाईने तिला हाक मारून फाटकाशी बोलावलं, तळहात दाखवला आणि सगळं सांगितलं, सुईपासून गोळीपर्यंत. शिवशंकर हटकत राहिला, ती सांगत राहिली.

पुढं तिला एका शाळेत झाडलोटीचं काम मिळालं. तीन महिन्यांनी रक्ताची शेवटची तपासणी झाली. रिपोर्ट घेऊन ती बाहेर पायरीवर बसली आणि मुलीला, चैतालीला, फोन लावला. घरात हे फक्त तिलाच माहीत होतं.

"काय म्हनले, आई?"

"काई न्हाई निघालं."

पलीकडे चैताली रडायला लागली. सुंदरबाई फोन कानाला धरून बसून राहिली. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. नुसती थकली होती ती, लई थकली होती.