झाकणावरची रेघ

रेघ तुटली होती. गुरुप्रसादने कोठीच्या खोलीत गुडघे टेकून, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं. सकाळी कंपनीच्या बसला पळण्याआधी त्याने झाकणापासून प्लास्टिकच्या कॅनच्या गळ्यापर्यंत लाल मार्करने सरळ रेघ ओढली होती. आता तिचा वरचा तुकडा एकीकडे होता आणि खालचा दुसरीकडे. झाकण पाव फेरा सैल झालं होतं. म्हणजे कुणीतरी इथे आलं होतं आणि काही न बोलता निघून गेलं होतं.

ही युक्ती त्याच्या कामातलीच. गॅस प्रकल्पात सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून पास-नापास करायचे, घट्ट केलेल्या बोल्टवर रंगाची रेघ ओढायची, मग बोल्ट कुणी हलवला की रेघ चुगली करते. आधी नाशिकला आणि मग इथे कतारला, एकोणतीस वर्षं त्याने दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंवर शिक्के मारले होते. स्वतः बनवलेली पहिली वस्तू म्हणजे या दोन कॅनमधली बिअर.

तो काही पिणारा माणूस नव्हता. फुटबॉलच्या वर्ल्डकपला अजून वर्ष होतं, पण ऑफिसात तेव्हापासूनच स्टेडियममध्ये बिअर मिळणार की नाही याच्या पैजा लागायच्या. त्यात बायको शशिकला लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली. अल खोरच्या कंपनीच्या घरात चार खोल्या आणि हा एकटा. दारूचं रीतसर परमिट काढायचं तर ऑफिसचं पत्र हवं. पत्र म्हणजे एचआरच्या चारुलता मॅडम, आणि चारुलता मॅडमना कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी घरांत कळलं. मग त्याने मोबाइलवर पाहून घरीच घाट घातला. आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. फेस कमी आला तर बिघडलं का, जास्त आला तर विषारी झालं का, प्यायल्यावर डोळे जातात म्हणतात ते खरं का? या सगळ्यांहून मोठी भीती वासाची होती. या देशात घरी दारू गाळताना सापडलं तर नोकरी जाणारच, वर तुरुंग आणि मग विमानात बसवून कायमची पाठवणी. निवृत्तीला सात महिने राहिले होते. म्हणून तो रोज संध्याकाळी झाकणं ताकद लावून घट्ट करायचा, वर टॉवेल गुंडाळायचा, आणि रोज ती सैल सापडायची.

घराची किल्ली त्याच्याखेरीज एकाच माणसाकडे होती. शेजारच्या यशोधन आणि गौरीकडे वेंगुर्ल्याची फुलाबाई कामाला होती, त्यांच्याच व्हिसावर. शशिकला गेल्यापासून गौरी तिला रोज दुपारी तासभर इकडे पाठवायची, केर-फरशी आणि चार पोळ्यांसाठी, आणि किल्ली तिच्याकडेच असायची. बाई कमी बोलायची, आणि त्यामुळेच आता गुरुप्रसादला तिचं प्रत्येक वाक्य आठवायला लागलं. गेल्या शनिवारी तो घरी असताना ती पोछा पिळता पिळता म्हणाली होती, "भाऊनू, तुमच्या कोठीत वारो नाय हां." तेव्हा त्याने नुसती मान हलवली होती. आता त्याच्या मनात पाल चुकचुकली. कोठीतल्या वाऱ्याशी हिचा काय संबंध? ही सुचवते आहे. उद्या काहीतरी मागेल, किंवा न मागताच सांगून मोकळी होईल.

एकदा संशय बसला की त्याला खाद्य कुठूनही मिळतं. सिक्युरिटीची गाडी दोन संध्याकाळी कोपऱ्यावर उभी दिसली. वर्ल्डकपच्या निमित्ताने सगळ्या घरांची पाहणी होणार, अशी नोटीस दाराला लागली. फुलाबाई बाहेर कुणाच्या तरी ड्रायव्हरशी बोलत होती, ती याला पाहून गप्प झाली. गुरुप्रसादची पाचावर धारण बसली.

तो गौरीकडे गेला. फुलाबाईला यापुढे पाठवू नकोस, एवढंच सांगायचं ठरवून गेला होता. पण गौरीने कारण विचारलं, आणि खरं कारण सांगता येईना.

"माझ्या वस्तूंना हात लागतो गं," तो म्हणाला. "कुलूपबंद ठेवलेल्यासुद्धा."

हे खोटं नव्हतं, म्हणून त्याला ते बोलणं जमलं. गौरीचा चेहरा उतरला. तिचं एक कानातलं महिन्याभरापासून सापडत नव्हतं, ते तिने आता या वाक्याला जोडलं. रात्री यशोधनने फोन करून सांगितलं की काका, बरं झालं तुम्ही बोललात, घरात लहान मूल आहे, रिस्क नको. व्हिसा कॅन्सल करतोय, शुक्रवारी तिकीट. गुरुप्रसाद म्हणाला, एवढं कशाला. पण फार जोर लावून नाही म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

मंगळवार, बुधवार रेघ जागच्या जागी राहिली. गुरुवारी तो कामावरून आला तर कोठीच्या दाराखालून पिवळट पाणी वाहत होतं. एक कॅन उभा फाटला होता. झाकण छताला आपटून डाळींच्या डब्यांमागे पडलं होतं, आणि आंबूस वास सगळ्या घरात भरला होता. दुसरा कॅन फुगून टम्म झालेला. त्याने झाकण जरा फिरवलं, तेव्हा कितीतरी वेळ फुस्स आवाज येत राहिला. पाव फेरा. बरोबर तेवढाच.

तो तिथेच ओल्यात बसला. कोंडलेल्या गॅसला वाट नसेल तर काय होतं, हे कामावरच्या नव्या पोरांना शिकवत ज्याची हयात गेली, त्याने वासाच्या भीतीने स्वतःच्या हाताने वाट बुजवली होती. आणि कुणीतरी रोज दुपारी ती उघडून देत होतं. त्याला स्वतःची अशी लाज आजवर कधी वाटली नव्हती. त्याने दुसरा कॅन मोरीत ओतला आणि अंधार पडेपर्यंत फरशी पुसली.

शुक्रवारी सकाळी तो शेजारी गेला. हॉलमध्ये फुलाबाईची बॅग उघडी पडली होती. गौरी म्हणाली, "बरं झालं आलात काका. जाण्याआधी बॅग बघून घ्यायची असते. तुमचंही काही असेल तर तुम्हीच बघा. मी पासपोर्ट आणते." आणि ती आत गेली.

"बाई, चूक माझी आहे," गुरुप्रसाद घाईने म्हणाला. "मी गौरीला सगळं सांगतो."

फुलाबाईने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माजो बापूस माडाची माडी काढी. घट बूच मारल्यार बाटली फुटता, म्हणान मी सैल करी होतंय. तुमका लाज वाटात म्हणान बोलूक नाय." मग ती म्हणाली, "आता काय सांगतलात? तुमची नोकरी जातली. माजी गेलीच. गप रवा."

गुरुप्रसादने तोंड उघडलं. गौरीची पावलं ऐकू आली. सांगायचं असेल तर आत्ताच, हे त्याला पुरतं कळत होतं. आणि तिने गप राहा म्हटलं याचं त्याला बरं वाटलं, हेही कळत होतं.

गौरी पासपोर्ट घेऊन आली. फुलाबाई खाली बसली आणि एकेक वस्तू काढून चादरीवर ठेवू लागली. दुधाच्या पावडरीचे डबे, दोन साड्या, नातवासाठी घेतलेली फुटबॉलची जर्सी. प्रत्येक वस्तू ती झटकून, उलटीसुलटी करून दाखवत होती. गौरी दुसरीकडे बघायला लागली.

"काही नाही माझं," गुरुप्रसाद म्हणाला. "भरा तुम्ही."

फुलाबाईने जर्सी पुन्हा नीट घडी करून ठेवली. मग बॅगेच्या बाजूची चेन उघडली आणि कप्पा दोन्ही हातांनी ताणून त्याच्यापुढे धरला.

"ह्यो कप्पो बघूचो रवलो, भाऊनू," ती म्हणाली, आणि तो वाकून बघेपर्यंत तशीच धरून राहिली.